मागाच्या खड्ड्यावरचा कम्प्युटर

आमच्या घरी कम्प्युटर आला आणि पुढच्या तीन महिन्यांत तो चारशे वेळा मेला. माझी धाकटी बहीण म्हणते, चाळीस वेळा. तिचं ऐकू नका. तिला लहानपणापासून कमी मोजायची सवय आहे. मशीनसमोर मी बसलो होतो, ती नव्हती.

मरायची त्याची एक रीत नव्हती, हीच खरी अडचण. कधी चालता चालता पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत कोर्टाच्या नोटिशीसारखं काहीतरी उमटायचं आणि सगळं ठप्प. कधी नोटीसही नाही. फट्‌कन बंद, आपलं आपणच पुन्हा सुरू, आणि वर मलाच विचारायचं की मागच्या वेळी नीट बंद का केलं नाही! कधी सकाळपासून दुपारपर्यंत असा चालायचा की वाटावं, आता हा माझ्या नातवांची लग्नं पाहणार. आणि मी पाणी प्यायला उठलो की माझ्या पाठीमागे जीव सोडायचा.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती, पण आमच्या शाळेच्या भिंतीवर जुना अखंड नकाशाच लटकत होता. सांगायचं एवढंच की मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात नवी गोष्ट उशिरा पोचायची आणि पोचली की तिच्याभोवती गर्दी व्हायची. कम्प्युटर पाहायला इतकी माणसं आली की आईने चहाची भुकटी संपल्यावर नुसतं गूळपाणी वाटलं.

आता तो आला कसा, ते सांगतो. यात माझी लबाडी आहे, ती आधीच कबूल करून टाकतो.

घर विणकराचं. पुढच्या खोलीत जमिनीत दोन खड्डे, त्यांवर दोन माग. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि कोशाची, म्हणजे रानरेशमाची, साडी विणायचे. आमच्याकडे मुलगी सासरी जाते ती बापाने स्वतः विणलेल्या साडीत, आणि त्या साडीचा काठ आमच्या आज्याने बसवलेला. तो काठ विकायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. दोन आत्या त्या काठात गेल्या, मोठी बहीण गेली. राहिली धाकटी. तिचं लग्न वैशाखात ठरलं आणि बाबांनी काठाचे पत्ते काढायला पेटी उघडली.

पत्ते म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. मागाच्या डोक्यावर बसवल्या की कोणता धागा उचलायचा ते त्याच सांगतात. पेटीत पत्ते नव्हते, भुसा होता. उंदरांनी एका पावसाळ्यात दोन पिढ्यांचे पत्ते असे खाल्ले होते की त्या वर्षी घरात जी पिल्लं झाली त्यांच्या पाठीवर नक्षी होती. मी पाहिली आहे.

वाचला तो फक्त आज्याचा मूळ कागद. बारीक चौकटी आखलेला. भरलेली चौकट म्हणजे धागा वर, रिकामी म्हणजे खाली. कागद इतका जुना की जोरात बोललं तरी कोपरा झडायचा. नागपूरला पत्ते पाडणारा एक माणूस होता. त्याने कागद पाहिला आणि हात जोडले. म्हणाला, "हे अजबबंगल्यात ठेवाचं सामान आहे जी. मले साफ चौकटीचा कागद आणून द्या. होळीपर्यंत आणाल तं पत्ते वेळेवर भेटतील, नाही तं नाही."

होळीनंतर सवा महिना विणायला. त्यात एक दिवसही इकडेतिकडे चालणार नव्हतं. बाबांचे डोळेही तेव्हा उतरणीला लागले होते. ही साडी आपल्या हातची शेवटची, हे ते बोलत नव्हते, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

आता लबाडी. पट्टी-पेन्सिल घेऊन नवा कागद आखला असता तर ते आठ दिवसांचं काम होतं. मला तेव्हाही ते माहीत होतं. पण मी तुमसरच्या बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होतो. तिथला मालक आपल्या कम्प्युटरला मला फडक्यानेच तेवढा हात लावू द्यायचा, आणि मला कम्प्युटर असा हवा होता, असा हवा होता, की जेवताना भाताच्या ढिगातसुद्धा मला त्याचा आकार दिसायचा. मी बाबांसमोर गंभीर तोंड करून बसलो.

"हाताचं आता कोणी घेत नाही, बाबा. कम्प्युटरनंच काढा लागते."

"नागपूरवाला तं असं नाही बोलला."

"तो मोठा माणूस. तोंडानं थोडीच सांगते? साफ म्हणजे कम्प्युटरचंच."

तिसऱ्या दिवशी बाबांनी दोन मागांपैकी आज्याचा माग सोडवला, लाकडं मोजून एका पाहुण्याला विकली, त्याच्या बैलबंडीवर चढवली, खड्डा मातीने बुजवला आणि आईला म्हणाले, "सारवून घे. पोराचं टेबल येते इथं." ते पैसे घेऊन मी तुमसरला गेलो आणि जुना कम्प्युटर उचलून आणला. पडदा टेबलावर. त्याचा डबा, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात, तो टेबलाखाली, बुजवलेल्या खड्ड्याच्या बरोबर वर.

म्हणजे आता काठ झाला नाही तर बहीण बाजारच्या साडीत जाणार होती, आणि बाबांचा एक माग माझ्या एका वाक्यापायी गेलेला राहणार होता.

कामाची रीत अशी ठरली. बाबा आपल्या मागावर बसून भिंगातून आज्याचा कागद वाचणार आणि मी पडद्यावरच्या चौकटी काळ्या करत जाणार.

"तीन भरल्या. दोन खाली. एक भरली. पाच खाली."

"झाल्या."

"मंग पुढं. दोन भरल्या..."

पहिल्या दिवशी सव्वीस ओळी झाल्या. सत्ताविसाव्या ओळीला पडदा निळा. पुन्हा सुरू केला तर एकही ओळ नाही. कागद धुतल्यासारखा पांढरा. तोवर 'सेव्ह' नावाची गोष्ट मला फक्त ऐकून माहीत होती.

बाबांनी मागावरूनच विचारलं, "धागा तुटला का बे?"

त्यांच्या लेखी चालतं काम मध्येच थांबलं म्हणजे धागा तुटला. दुसरं कारण त्यांनी साठ वर्षांत पाहिलंच नव्हतं.

"तुटला, बाबा."

"तुटते. कोऱ्या यंत्राचा तुटतेच. गाठ मार अन् चाल."

मग मी दर ओळीला सेव्ह करू लागलो. तर मशीन सेव्ह करतानाच मरू लागलं. मी दर दोन चौकटींना सेव्ह करू लागलो. तर एक दिवस फाईल उघडली आणि काठाऐवजी पडद्यावर असल्या खुणा की आमच्याकडच्या एकाही देवाला वाचता येणार नाहीत. शेवटी जेवढं झालं तेवढं फ्लॉपीवर घालून तुमसरला नेऊन लगेच छापून आणायचं, असा नेम केला. चार ओळी झाल्या की मी सायकलवर. त्या दोन महिन्यांत मी जेवढी सायकल मारली तेवढ्यात चंद्रावर जाऊन वाटेत एक पंक्चरही काढून झालं असतं.

कारण काय, यावर घरात रोज बैठक. आई म्हणाली, "माणसं पाहून गेली तवापासून असं होऊन राह्यलं. नजर लागली." तिने मशीनवरून मीठ-मिरच्या उतरवल्या, त्यानंतर ते तीन तास चाललं, म्हणून तीन दिवस तिचाच शब्द घरात चालला. बहीण म्हणाली, "दादाच तसा हाय. ह्याच्या हातात गेल्या साली रेडिओबी मेला होता." मी एक वही केली. मशीन केव्हा मेलं, तेव्हा कोण काय करत होतं, सगळं त्यात लिहायचं. सोमवारी चार वेळा. मंगळवारी एकदाही नाही. बुधवारी पाच वेळा, त्यातल्या दोनदा बहीण हसत होती. शनिवारी आठवडी बाजार, एकदाही नाही. पुढच्या शनिवारीही नाही.

वही समोर ठेवून मी इतका विचार केला की कानातून वाफा आल्या. मग एकदम उजेड पडला. शनिवारी बाबा बाजारात असतात! बाबा घरी नसले की मशीन चालतं. त्यांच्या मागाच्या दणक्याने जमीन हादरते आणि मशीन दचकतं.

हे बापाला कसं सांगायचं? मी फार गोड करून सांगितलं.

"म्हणजे मले पाहून मरते ते?" बाबा म्हणाले.

"तुमाले पाहून नाही. तुमच्या दणक्यानं."

बाबांनी त्या दिवसापासून मी बसलो की माग बंद ठेवला. तरी मशीन मेलं. मग मला वाटलं, आवाजाने असेल. बाबा भिंग आणि कागद घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि तिथून हळू आवाजात सांगू लागले. आत मला ऐकू येईना, म्हणून दारात बहीण उभी राहून तेच पुन्हा सांगू लागली. रस्त्याने जाणारे थांबून विचारायचे, "काय जी, भाऊ आत आजारी हाय का?" तरी मशीन मेलं. बाबा आत आले, मागावर बसले आणि माझ्याकडे असं पाहिलं की त्याचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही.

मग मेकॅनिकला बोलावलं. तो मूळचा सिहोऱ्याचा, तुमसरला त्याचं दुकान. शर्टाच्या खिशात चार पेचकस खोचलेले आणि कोणत्याही प्रश्नाला पहिलं उत्तर ठरलेलं: "मामुली गोष्ट आहे."

तो येणार असला की आदल्या दिवशी निरोप यायचा. मग आई पुढची खोली झाडून-पुसून कोरडी करायची, टेबलाखालचं सगळं उचलायची आणि सतरंजी अंथरायची. मेकॅनिक म्हणजे घरात डॉक्टर यावा तसा मान. त्याने डबा उघडला, आतली एक हिरवी पट्टी काढली, तिच्या पिवळ्या दातांवर शाळेतलं खोडरबर घासलं आणि पुन्हा बसवली. मशीन चालू.

"एवढंच?" मी म्हणालो.

"मामुली गोष्ट आहे."

दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मेलं. तो पुन्हा आला, पुन्हा खोडरबर. तिसऱ्या खेपेला त्याने अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम पुसून नवी टाकली. त्यात छापायच्या राहिलेल्या ओळीही पुसल्या. चौथ्या खेपेला वीज पुरवणारा डबा बदलला. पाचव्या खेपेला तो मशीन गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवर दुकानात घेऊन गेला. तिथे ते आठ दिवस अहोरात्र चाललं. तो म्हणाला, "घोड्यासारखं पळून राह्यलं ना जी! मी त्याच्यावर दोन पिक्चर पाह्यले." परत आणलं, टेबलाखाली ठेवलं, तो गावाच्या वेशीबाहेर गेला नसेल तोच पडदा निळा.

पुढच्या वेळी त्याचाही चेहरा पडला होता. त्याने भिंतींकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"काकाजी, घरात ओल येते का?"

बाबा तडकले. लग्नाचं घर, आणि कोणी ओल काढतं! "आमच्या घरात ओल? हात लावून पाहा भिंतीले. पावसाळ्यातबी कोरडी रायते."

त्याने हात लावला. भिंत खडखडीत कोरडी. माझ्या डोक्यात आता काहीच उरलं नव्हतं. सगळं नवं, सगळं साफ, मेकॅनिकच्या हातात शहाणं आणि माझ्या पायाशी वेडं. मला वाटायला लागलं की खोटं बोलून आणलेली वस्तू खोटंच वागणार. हा विचार मी वहीत लिहिला नाही.

होळीला अठरा दिवस राहिले होते. काठ निम्माच झाला होता. ऊन वाढलं होतं. त्या वर्षी फागुनातच डांबरात बैलांचे खूर असे उमटले की पुढच्या दिवाळीपर्यंत लोक त्यावरून बैल ओळखत. बहीण रोज एकदा टेबलापाशी येऊन उभी राहायची आणि काही न विचारता जायची. एकदाच म्हणाली, "दादा, बाजारातून आणली तरी चालते मले. बाबाले तूच सांगजो पण." मी सांगितलं नाही.

आणि मग एका दुपारी मेकॅनिक निरोप न देता आला. त्याला पलीकडच्या गावी कोणाच्या बारशाला जायचं होतं, वाटेत म्हणाला पाहून घेऊ. आईला खोली आवरायला वेळच मिळाला नाही. त्याने चपला काढल्या, माझ्या खुर्चीत बसला, पाय टेबलाखाली घातले.

"अरे वा! पायाले बढिया गार लागते बे तुह्या टेबलाखाली."

"लागते ना!" मी अभिमानाने म्हणालो.

तो खाली वाकला, डब्याला हात लावला, आणि असा उडाला, असा उडाला, की मी म्हटलं हा आता कौलं फोडून थेट बारशाला पोचतो. तो बाबांच्या मागाला धरून उभा राहिला. केस ताठ.

"कर‌ंट! कर‌ंट हाय त्याच्यात! हे खाली काय हाय?"

खाली पोतं होतं. तागाचं, चारपदरी घडी घातलेलं, ओलंचिंब. डबा त्याच्यावर ठेवलेला. मी दोन महिने त्याच पोत्यावर पाय ठेवून बसत होतो. मला कधीमधी झिणझिण्या यायच्या, त्या मी बसून बसून आल्या असं समजत होतो.

"हे कोणी ठेवलं?" मेकॅनिक ओरडला.

"आईनं," मी म्हणालो. "माह्या पायाले गार वाटावं म्हणून."

आई चुलीपासून बाहेर आली. "म्या? मले वाटलं तूच ठेवलं. मेकॅनिक येते तवा मीच उचलून बाहेर वाळू घालतो ते."

मग मागावरून आवाज आला.

"म्या ठेवलं."

बाबांनी धोटा खाली ठेवला. ते सावकाश, मोठ्या माणसाने लहान पोरांना समजवावं तसं सांगू लागले. कोशाचा धागा कोरड्या हवेत कडक होते आणि तुटते, म्हणून उन्हाळ्यात मागाखाली पाणी मारा लागते, खिडकीले ओलं पोतं लावा लागते. हे तं पोट्ट्यापोट्ट्याले माहीत आहे. या मशीनचा बी धागा तुटून राह्यला होता. मागून हात लावून पाहिलं तं गरम वारा फेकते. म्हणजे हवा सुकवते. "म्हणून म्या खाली पोतं देल्लं. जवा जवा तुटला, तवा तवा एक लोटा जास्त टाकला. शनवारी बाजारात रायतो तं पाणी टाकाचं रायते, बाकी रोज टाकलं. रोज."

शेवटचा 'रोज' त्यांनी थोड्या अभिमानाने म्हटला.

मी हसायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मेकॅनिकच बोलला, आणि तो वाईट माणूस नव्हता, पण बोलला: "काकाजी, लोखंडाले पाणी पाजता का? म्हणजे मी इथं सहा चकरा मारल्या अन् तुमी वरून लोट्यानं..." त्याला हसू आवरेना.

बाबांचा चेहरा मी सांगणार नाही. माझ्याजवळ अतिशयोक्ती पुष्कळ आहे, पण तिथे ती कामाची नाही. ते एवढंच म्हणाले, "मंग हे मीच मारत होतो म्हणते?" आणि उठून अंगणात गेले.

गंमत अशी की आमच्या घरात पाणी मारणं म्हणजे श्वास घेणं. माझ्या जन्माच्या आधीपासून त्या खोलीत दिवसातून चार वेळा शिंपडलेलं पाणी मी पाहत आलो. वहीत मी बहिणीचं हसू लिहिलं, कुत्र्याचं भुंकणं लिहिलं. पाणी लिहिलं नाही. सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पोतं गेलं. डबा दोन पाटांवर चढला. आणि बाबांनी पाणी मारणं बंद केलं. नुसतं पोत्यावर नाही, मागाखालचंही, खिडकीचंही. खोली अशी कोरडी झाली की बोलताना जीभ टाळूला चिकटावी. मशीन चालू लागलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. आज्याचा कागद टेबलावर ठेवून मी आता एकटाच भराभर चौकटी भरू लागलो आणि त्या आनंदात मला पाठीमागचं काही ऐकू आलं नाही.

चौथ्या दिवशी ऐकू आलं. म्हणजे काही ऐकू येत नाही, हे ऐकू आलं. मागाचा खटका दोन-तीनदा वाजायचा आणि थांबायचा. पुन्हा दोनदा, पुन्हा थांबायचा. मी वळून पाहिलं. बाबा ताण्याच्या उभ्या धाग्यांवर ओणवे झाले होते. इतके की नाक धाग्याला लागत होतं. तुटलेलं टोक चिमटीत धरून ते गाठ मारत होते. मारली. एक हात चालवला. दुसरा धागा तुटला. मागावर एका व्यापाऱ्याची साडी होती. त्या चार दिवसांत ती वीतभरही पुढे सरकली नव्हती.

"बाबा, पाणी मारा ना."

"तुह्या मशीनले?"

"मागाले जी."

"खोली एकच हाय," बाबा म्हणाले आणि पुढचा धागा शोधू लागले.

सातव्या दिवशी, खडखडीत कोरड्या खोलीत, दोन पाटांवर बसून, मशीन पुन्हा मेलं. निळा पडदा, पांढरी नोटीस, आणि आनंदात छापायच्या राहिलेल्या सात दिवसांच्या ओळी साफ. मी पाटाखाली हात घालून पाहिला. कोरडं. डब्यावर कान ठेवला. काही नाही. त्या क्षणी मला काही म्हणजे काहीच कळेनासं झालं. पाण्याने मेलं म्हणावं तर पाणी नाही. दणक्याने म्हणावं तर माग बंदच. पूर्वीच्या ओलीने आत गंज धरला असेल, असं मेकॅनिक नंतर म्हणाला. पण तो म्हणाला 'असेल', आणि या वेळी 'मामुली गोष्ट आहे' म्हणाला नाही. बाबांनी मागावरून विचारलंही नाही की धागा तुटला का. ते माझ्याकडे पाहत राहिले.

होळीला दहा दिवस होते.

मी उठलो. आत गेलो, लोटा भरून आणला आणि मागाखाली, खिडकीशी, सगळीकडे पाणी मारलं. दुसरा लोटा आणला. तोही मारला.

"काहून बे?" बाबा म्हणाले. "मशीन?"

"त्याचं काम झालं, बाबा."

"झालं? सारा काठ?"

"सारा. आता छापाचंच रायलं. ते मी दुकानात करतो. फक्त आज्याचा कागद नेऊ द्या, मिळवून पाहाले."

खोटं. पण या खेपेला मला त्याची चव वेगळी लागली. पुढचे आठ दिवस मी झेरॉक्सच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना काउंटरच्या खाली पाटी घेऊन बसलो. पट्टी, काळं पेन आणि पुस्तकवाल्याकडून आणलेला चौकटींचा कागद. आज्याचा कागद मी बोटाने धरायलाही भीत होतो; श्वास बाजूला सोडायचो. तीन भरल्या, दोन खाली. सांगणारं कोणी नव्हतं, मीच पुटपुटायचो. चौकटी छापल्यासारख्या दिसाव्यात म्हणून एकेक कोपरा असा धारदार भरला की सरकारी छापखान्याने लाजावं. नववा दिवस होळीच्या आदल्या दिवसावर आला. आधी छापलेली निम्मी पानं आणि माझी निम्मी, एकाखाली एक लावली आणि घरी नेली.

बाबांनी भिंग घेतलं नाही. त्यांनी पानं मांडीवर ठेवली आणि बोटं फिरवली. पहिल्या पानावर, दुसऱ्यावर. जिथे माझं पेन सुरू झालं त्या पानावर त्यांची बोटं थांबली. त्यांनी ते पान उलटं केलं आणि मागच्या बाजूने हात फिरवला, कापडाचा पोत पाहतात तसा. मी पेन दाबून चालवलं होतं. मागे खळगे असणारच.

मी तोंडात सहा उत्तरं तयार ठेवली होती.

"बरं छापते तुहा कम्प्युटर," बाबा म्हणाले. बस. एवढंच. पानं गुंडाळली आणि सकाळच्या गाडीने नागपूरला निघून गेले. पत्तेवाल्याने छापलेलं कोणतं आणि काढलेलं कोणतं, काही पाहिलं नाही, म्हणे, "असं साफ काम आणत जा." पत्ते आले, माग चालला, खोलीत दिवसातून पाच वेळा पाणी पडलं आणि लग्नाच्या चार दिवस आधी साडी मागावरून उतरली. बहिणीने ती नेसली तेव्हा आई एवढी रडली की विहिरीची पातळी वर आली. हे मी वाढवून सांगत नाही.

मांडवात जेवणं चालली होती. मेकॅनिकही आला होता, पंगतीत बसला होता. नवरदेवाचा मामा जेवता जेवता काठाकडे बोट करून म्हणाला, "असा काठ आता पाहाले नाही भेटत. कोण्या हातानं काढला जी?"

मी बाबांच्या शेजारीच उभा होतो. मला वाटलं, झालं.

"हातानं कायले?" बाबा म्हणाले. "माह्या पोरानं कम्प्युटरवर काढला. एक बटन दाबलं, अन् सवा हात काठ बाहेर! म्या सोता पाह्यला. रंग बी त्याच्यातच लागून आला असता, पण म्या म्हटलं, नोको, रंग आपला कोशाचाच ठेव."

पंगतीत मेकॅनिकचा हात पत्रावळीवर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी वरणाकडे पाहिलं.

बाबांनी माझ्या डोळ्यांदेखत, चारचौघांत, तोंडभर खोटं सांगितलं, आणि मी आयुष्यभर जे काही सांगत आलो त्या सगळ्यापेक्षा सफाईने. त्यांच्या बोटांना ते खळगे लागले होते की नव्हते? लागले असतील तर ते माझी पत राखत होते. लागले नसतील तर ते खरंच मानत होते की माझ्या मशीनने ते केलं. त्यांचा चेहरा मी बाजूने बराच वेळ पाहिला. काही कळलं नाही. नंतर विचारायची हिंमतही कधी झाली नाही.

मामा उठला, हात धुतले आणि म्हणाला, "मंग तो कम्प्युटर दाखवा ना जी एकदा. कुठी हाय?"

"आत हाय," बाबा म्हणाले. "पण थकला हाय तो. मेहनत झाली ना त्याले. बसा तुमी, अजून एक लाडू वाढा जी मामाले."